टॉवेल वाळवायची सोय

रविवारी दुपारी धाकट्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आई डाळिंब सोलत बसली होती. त्याचा फोन रविवारीच येतो, आपली जेवणं आवरलेली असतात आणि तिकडे इंग्लंडात लीड्समध्ये तेव्हा सकाळ असते, चहाचा मग हातात घेऊन तो समोर बसतो आणि "काय मग ताई" म्हणतो, हे ठरलेलं. यावेळी स्क्रीनवर त्याचं तोंडच नव्हतं. लाकडी फळ्या उचकटलेली जमीन, आत धुळीत आडवे गेलेले दोन पाईप आणि कडेला एक टॉर्च. "ताई, आता फक्त बघ हां," असं म्हणून त्याने हात पुढे केला, एका पांढऱ्या फिटिंगमध्ये पाईपचं टोक दाबलं, खट्ट असा बारीक आवाज आला आणि तो म्हणाला, "झालं." काय झालं? "जोडला." ना सोल्युशन, ना धागा, ना पाना, ना कुणी "मॅडम जरा टेफलॉन आणून द्या" म्हटलं. मी आपलं कौतुक करायला तोंड उघडतेय तोवर आईने एक फोड वाटीत सोडली आणि स्क्रीनकडे न बघताच म्हणाली, "म्हणजे आता तू काही येत नाहीस."

तो हसला. "अगं आई, टॉवेल रेल बसवतोय, विमानतळ नाही बांधत." मग विषय क्रिकेटवर गेला, नातवाच्या शाळेवर गेला, फोन संपला. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारताना पण तेच. आईला प्लंबिंगमधलं काय कळतं, हा प्रश्न नव्हता. तिला नेमकं काय दिसलं, हा होता.

प्रकरण काय तर त्यांच्या बाथरूममध्ये खिडकीखाली एक जुना रेडिएटर होता, जवळपास मीटरभर रुंद, पांढरा, खालच्या कडेला रंग फुगून गंज बाहेर आलेला. सेंट्रल हीटिंग म्हणजे एक बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी घरभर पायपांतून फिरत राहतं, प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमधून जातं आणि गार होऊन परत बॉयलरकडे येतं. हे पाणी कुणी पीत नाही की अंगावर घेत नाही, वर्षानुवर्षं तेच ते फिरत असतं. तर हा रेडिएटर काढून तिथे उभी शिडीसारखी दिसणारी टॉवेल रेल लावायची, आडव्या दांड्यांमधून गरम पाणी फिरणार, वर टॉवेल टाकला की वाळणार. कारण तिकडे नोव्हेंबर ते मार्च टॉवेल वाळतच नाहीत म्हणे. आंघोळीची वाफ गार भिंतीवर बसते, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि तिघांचे तीन टॉवेल दाराच्या मागे ओले लटकत राहतात. हे ऐकून मला हसूच आलं. ठाण्यातल्या माणसाला टॉवेल न वाळण्याचं दुःख समजावून सांगायला लीड्सला जावं लागतं होय?

आमच्याकडे जुलैत टॉवेल वाळत नाही, तो फक्त कमी ओला होतो. पंख्याखाली, खुर्चीच्या पाठीवर, गॅलरीतल्या दोरीवर आणि शेवटी इस्त्रीखाली, इतका प्रवास करूनही तोंड पुसताना तो कुबट वास येतोच. आम्ही खारकर आळीत चाळीत राहायचो तेव्हा खोलीत छतालगत एक वलण होतं, बांबूचं, काठीने कपडे वर चढवायचे, आणि पावसाळाभर आम्ही ओल्या साड्या-परकरांच्या खालून वाकून ये-जा करायचो. धाकटा जुलैतलाच. त्याचे लंगोट आणि दुपटी वाळवणं हे आईचं त्या पावसाळ्यातलं पूर्णवेळ काम होतं. कोळशाची शेगडी, निखारे राखेखाली झाकलेले, वर बांबूचं मोठं डालं उपडं घातलेलं आणि डाल्यावर लंगोट पसरलेले. मी दहा वर्षांची, माझं काम राखण करायचं, वास बदलला की आईला हाक मारायची. निखाऱ्यावर मधूनच ओवा-वावडिंग पडायचं, त्यामुळे त्या कपड्यांना एक उबदार तिखटसर वास यायचा, जो मला अजून कुठेही आला तरी मी वळून बघते. एक दुपटं जळलं होतं, त्याला रुपयाएवढं तपकिरी भोक पडलं होतं आणि तरी ते पुढे दोन वर्षं वापरात होतं. तर ज्याचे लंगोट तिने असे निखाऱ्यावर वाळवले तो आता कपडे वाळवायला स्वतःच्या हाताने गरम पाण्याची शिडी बसवतोय. तिला अभिमान वाटायला हवा होता ना? वाटलाही असेल. पण तोंडातून आलं ते दुसरंच.

मला त्या खट्ट आवाजाचंही नीट कळलं नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्याला परत फोन लावला. त्याला काय, सांगायला हवंच होतं. आधी सगळी सिस्टीम रिकामी करायची, बॉयलर बंद, खालच्या मजल्यावरच्या ड्रेन कॉकला होजपाईप लावून त्याचं दुसरं टोक बाहेर गटारात, आणि वरच्या रेडिएटरचे हवा सोडायचे स्क्रू उघडे. तरी रेडिएटर भिंतीवरून उतरवताना त्यात पाणी उरतंच. ते बादलीत आलं ते काळंकुट्ट. मला वाटलं घाण. तो म्हणाला घाण नाही, हाही गंजच आहे. आपल्या जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पायपातून सकाळी पहिलं पाणी लालसर येतं, तो तांबडा गंज, कारण रोज नवं पाणी येतं आणि त्याबरोबर नवा ऑक्सिजन. त्यांच्या पायपात तेच पाणी बंद फिरत असतं, ऑक्सिजन जेमतेम, म्हणून लोखंडाचा काळा गंज होतो, मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारा. तो गाळ रेडिएटरच्या तळाशी बसतो आणि खालचा भाग गार राहायला लागतो. आणि गंमत म्हणजे साध्या प्लास्टिकच्या भिंतीतून हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो! म्हणजे पाईप कुठेही गळत नसताना आतलं लोखंड सडत राहतं. म्हणून हीटिंगला वापरायच्या पायपात ऑक्सिजन अडवणारा एक पातळ थर घातलेला असतो, आणि काम झालं की पाण्यात गंज रोखणारं औषध पण टाकतात. हे ऐकून मी गप्पच बसले. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपण आयुष्यभर धडपडतो, आणि इथे हवा आत येऊ नये म्हणून पाईप बनवलेत.

आता तो खट्ट. नवीन रेल जेमतेम अर्धा मीटर रुंद, म्हणजे जुने पाईप जिथून वर येत होते तिथे ती बसणारच नाही, त्यासाठी जमीन उघडावी लागली. जुना पाईप तांब्याचा, पंधरा मिलिमीटरचा. तो कापला, कापलेली कड घासून गुळगुळीत केली आणि तिथून पुढे प्लास्टिकचा पाईप. फिटिंगच्या आत दोन वस्तू असतात, एक रबरी रिंग जी पाणी अडवते आणि एक स्टीलच्या दातांची रिंग जी पाईप धरते. दातांचं तोंड आतल्या बाजूला वळलेलं, त्यामुळे पाईप आत सहज जातो, पण बाहेर ओढलात की दात आणखी रुततात. पाईप करवतीने कापायचा नाही, कटरनेच कापायचा, कारण खरखरीत कड राहिली तर आत जाता जाता ती रबरी रिंग चिरते आणि गळती लगेच नाही, महिन्यांनी सुरू होते. आणि प्लास्टिकच्या पायपाच्या टोकात आधी एक छोटी नळी घालायची, नाहीतर गरम झाल्यावर मऊ पडलेला पाईप आत दबतो आणि रिंगची पकड सुटते. बऱ्याच घरांत गळती होते ती ही नळी घालायचा आळस केल्यामुळे, असं तो म्हणाला. आणखी एक, रेलपाशी जमिनीवर दिसणारे पाईप त्याने क्रोमचे घेतले होते, दिसायला छान, पण क्रोम इतकं कडक की हे दात त्यावर रुततच नाहीत, तिथे मग पितळी कडी आणि नटवाला आवळायचा जॉइंटच लागतो. किती आत जायला हवं त्याची पेन्सिलने पायपावर खूण करायची, खुणेपर्यंत दाबायचं, आणि मग ओढून बघायचं.

"ओढून बघायचं म्हणजे?"

"म्हणजे नीट जोर लावून, ताई. यायलाच नको. ओढलं की जास्त घट्ट होतं."

आणि तरी त्याने त्या रात्री फळ्या लावल्या नाहीत. सिस्टीम परत भरली, दाबाचा काटा सव्वा बारवर आणला, हवा काढली, बॉयलर चालू केला आणि प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून झोपला. टिश्यूवर एक थेंब पडला तरी डाग दिसतो. सकाळी सगळे कोरडे, मग फळ्या ठोकल्या. हे ऐकताना मला जे वाटलं ते सांगायला जरा लाज वाटते, मला मत्सर वाटला. त्याच्या कौशल्याचा नव्हे. ठाण्यात असताना याला नळाचा वायसर बदलता येत नव्हता, टपटप वाजणाऱ्या नळाला सुतळी बांधून ती बादलीत सोडून ठेवायचा म्हणजे आवाज यायला नको. मत्सर त्या फळ्यांचा. उचकटल्या, बघितलं, परत ठोकल्या. आमच्या बाथरूमच्या भिंतीत काय आहे हे कुणालाच माहीत नाही.

कारण याच काळात आमच्याकडे पण पायपांचंच चालू होतं. आम्ही पाचपाखाडीत, तळमजला अधिक चार, आमचं दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग १९८६ ची, भिंतीतली लाईन जीआयची. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली, आधी नकाशा, मग पोपडे, आणि मग एक दिवस त्या वर येऊन अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बघा हं एकदा." गोड आवाज म्हणजे पुढचं पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर. प्लंबर आला, भिंतीला कान लावला, टाइल्सवर पान्याने ठकठक केलं, एका जागी आवाज बद्द आला तिथे बोट ठेवलं. इतकंच निदान. तोडल्याशिवाय कळणार नाही म्हणाला. आणि भिंत तोडली तर त्या टाइल्स आता कुठे मिळणार, म्हणजे एक फूट गळती शोधायला आख्खं बाथरूम, हे गणित ठाण्यात ज्यांनी ज्यांनी बाथरूम केलंय त्यांना मी सांगायला नको. धूळ, गोणी, लिफ्ट नसलेला जिना, आणि "ताई दोन दिवस" म्हणून सुरू होणारी तीन आठवड्यांची कहाणी.

आमचा प्लंबर ओडिशातला, केंद्रपाड्याचा. मुंबई-ठाण्यातच काय, देशभर कुठेही नळ दुरुस्त करणारा माणूस केंद्रपाड्याचा निघाला तर नवल नाही, तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. हा मात्र संस्थेत गेलेला नाही, मामाच्या मागे पाना धरून शिकला, आधी घाटकोपर, मग ठाणे. मराठी बरं बोलतो, राग आला की हिंदी. पूर्वी मामा पायपाला चुडी, म्हणजे आटे, पाडून त्यावर ताग आणि सफेदा लावायचा, त्या जॉइंटचं आयुष्य पायपापेक्षा जास्त असायचं असं तो सांगतो. आता सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचाच पाईप, फिक्या पिवळ्या रंगाचा, सोल्युशन लावलं की दोन्ही पृष्ठभाग विरघळून एकच होतात, आत घालताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. मग तो जॉइंट उघडत नाही. कापायचा, टाकायचा, नवीन. मी त्याला सहज विचारलं, गावच्या घरी नळ कुणी बसवले? म्हणाला, "मीच. गेल्या साली गेलो होतो तेव्हा." आधी हातपंपच होता. घरच्यांनी त्याची वाट बघितली, दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही, आणि हे सांगताना तो जरा ताठ बसला.

इथे मला आईचं वाक्य परत आठवलं, आणि यावेळी जरा कळलं.

धाकटा गेला तेव्हा पाच वर्षांसाठी म्हणून गेला होता. ती पाच वर्षं कधीच गेली, त्यावर कुणी काही बोललं नाही, आमच्या घरात बोलायची पद्धत नाही. पण जोपर्यंत तो भाड्याच्या घरांत होता तोपर्यंत त्याच्या फोनवर एक वेगळाच सूर असायचा, इथे खिळा पण ठोकता येत नाही ताई, घरमालकाला विचारावं लागतं, हीटर बिघडला तर ईमेल करायचा. ती तक्रार आईला आवडायची, आता कळतं. तक्रार करणारा माणूस अजून पाहुणा असतो. मग घर घेतलं, तेव्हा आईने पेढे वाटले, तेव्हाही ती काही बोलली नाही, कारण घर आपण ठाण्यात पण घेतो आणि पुण्यात पण घेतो, गुंतवणूक म्हणून घेतो, कुलूप लावून ठेवतो. पण जमीन उचकटून, आडवं पडून, स्वतःच्या हाताने पाईप जोडून, रात्रभर टिश्यू बांधून बघणं हे कुणी गुंतवणुकीसाठी करत नाही. ती त्या फळ्यांकडे बघून बोलली होती. पायपाकडे बघून नव्हे.

मी हे त्याला सांगितलं नाही. काय सांगणार. आणि आईचं खरं असलं तरी अन्यायाचंही आहे, तिने स्वतः कोकणातलं घर सोडून ठाण्यात संसार मांडला तेव्हा तिच्या आईने काय म्हणायचं होतं? वाद मात्र घातला, पण पायपांवरून. म्हटलं, अमेरिकेत त्या पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकच्या पायपांनी लोकांच्या भिंती भिजवल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, १९९५ नंतर तिकडे ते घरात घालणंच थांबलं, आणि तू तेच मटेरियल जमिनीखाली घातलंस? तो एकदम तयार होता. तिथले जॉइंट वेगळे, कडी दाबून बसवलेले, आणि क्लोरीनवालं पिण्याचं पाणी वर्षानुवर्षं त्यातून गेलं, माझं बंद पाणी आहे, शिवाय दाब तरी किती. तो दाब मी नंतर कागदावर मांडून पाहिला. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार. आमची टाकी गच्चीवर, नळ दुसऱ्या मजल्यावर, मध्ये नऊ-दहा मीटर. म्हणजे त्याच्या बॉयलरवरचा सव्वा आणि आमच्या न्हाणीतल्या नळावरचा दाब जवळपास सारखाच की. एवढ्याशा दाबाने पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं छत गेलं.

त्याच्या रेलचं पुढे काय झालं तर वहिनी खूश नाही. टॉवेल गरम, बाथरूम गार. शिडी रेडिएटरपेक्षा मुळातच कमी उष्णता देते, त्यातून क्रोमची असेल तर रंगवलेलीपेक्षा आणखी कमी, आणि वर तीन जाडे टॉवेल टाकले की उरलेली ऊब टॉवेलच घेतात. शिवाय उन्हाळ्यात हीटिंग बंद म्हणजे रेल पण बंद. त्यासाठी आत विजेचा रॉड घालता येतो, पण बाथरूममधली वीज म्हणून त्याला इलेक्ट्रिशियन बोलवायचाय, तसंच बॉयलरच्या गॅसला हात लावायला तिकडच्या गॅस सेफ यादीत नोंद असलेलाच माणूस लागतो. म्हणजे सगळं स्वतः करणाऱ्यांच्या देशात पण एक रेघ आहे तर. वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, यांनी एवढं केलं, आता मी आंघोळीला जाताना छोटा हीटर नेते." मागून त्याचा आवाज, "सगळं बॅलन्स करायचंय अजून!" म्हणजे कुठल्या रेडिएटरला किती पाणी जायचं ते. आईला हे फार आवडलं. तिने ते दोनदा विचारून घेतलं.

आमचं बाथरूम शेवटी निघालंच. भिंत फोडल्यावर पाईप दिसला तो बाहेरून धड, पण वळणावरच्या एल्बोपाशी आतून गंज चढून चढून पाणी जायला करंगळीएवढी पण जागा उरली नव्हती. मी प्लंबरला धाकट्याचा व्हिडिओ दाखवला. त्याने तो परत मागे घेऊन बघितला, खट्टच्या जागी थांबवला, बोटांनी मोठा करून फिटिंगचं तोंड न्याहाळलं. "उघडता येतं?" येतं म्हटलं, कडेची रिंग दाबली की सुटतं. "परत वापरता येतं?" रिंगा तपासून, येतं. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "चांगलं आहे. पण भिंतीत नाही घालणार. भिंतीत मी चिकटवलेलंच घालणार." आणि त्याच्या बाजूने तो बरोबर होता, कारण इथे वर टाइल बसली की ती टिश्यू पेपरवाली रात्र कुणाला मिळत नाही, प्रेशर पंप लावून टेस्टिंग करतात तेवढंच. मी म्हटलं मग एक कर, मिक्सर नळाच्या मागे एक टाइल न चिकटवता ठेव, स्क्रूवर, उघडता येईल अशी. त्याला ते अजिबात पटेना. फिनिशिंग जाईल, झुरळं होतील, लोक विचारतील ही टाइल सुटली का. टाइल बसवणाऱ्यालाही त्याने आपल्या बाजूने घेतलं. दीड तास हे चाललं. आई मध्येच काठी टेकत आली, भिंतीतल्या भोकाकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई म्हणते तसं करा, आणि पाईप कुठनं कुठे गेलेत त्याचा झाकायच्या आधी फोटो काढा. आणि तो टॉवेल टाकायचा स्टीलचा रॉड नको मला, वर दोरी बांधायला दोन हुक ठेवा." हुक कुठे हवेत हे तिने काठीने छताला दाखवलं, एक इंचही इकडेतिकडे चालणार नव्हतं. प्लंबरने तिथे पेन्सिलने खूण केली. टाइलचे चारशे रुपये जास्त लागतील म्हणाला, मी साडेतीनशे म्हटलं.